केळ्याचे वावडे

वावडे हा शब्द आपण आता फार स्वस्त करून टाकला आहे. कुणाला कष्टाचे वावडे असते, कुणाला खरे बोलण्याचे, आणि आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना व्याकरणाचे. पण हा शब्द खरा शोभतो तो जेवणाच्या पानावर. एखाद्याला एखादा पदार्थ चालत नाही, एवढेच त्यात सांगायचे असते. का चालत नाही याचा जबाब द्यावा लागत नाही. त्याच्या जोडीला मराठीने आणखी किती शब्द ठेवले आहेत पाहा. मानवत नाही, सोसत नाही, पचत नाही, बाधते. शिवाय ओठ चुरचुरतात, जीभ चरचरते, घसा खवखवतो. या शेवटच्या तिन्हींत पोटाचा काही संबंध नाही. घास तोंडात असतानाच जे होते त्याची ही नावे आहेत, आणि एकाचे काम दुसरे करीत नाही.

'ॲलर्जी' हा शब्द फॉन पिर्के नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरने १९०६ साली घडवला. आमच्या परिभाषाकारांनी त्याला 'अधिहर्षता' असा प्रतिशब्द दिला. ज्याचे ओठ सुजून आले आहेत अशा माणसाला "आपल्याला अधिहर्षता झाली आहे" असे सांगण्याचे धैर्य निदान मला तरी व्हायचे नाही. असो.

तोंडाला खाज सुटली की ते वावडेच, असे मात्र नव्हे. अळू आणि सुरण कुणालाच सोडत नाहीत. त्यांच्या अंगात सुईसारखे बारीक, टोकदार स्फटिक असतात आणि ते जिभेत, घशात टोचतात. म्हणून तर चिंच किंवा आमसूल घातल्यावाचून आपल्याकडे अळूची भाजी होत नाही. अननसातही अशा सुया असतात, आणि वर मांस विरघळवणारा एक पाचक रस असतो. आपण अननस खातो तेव्हा अननसही आपल्याला थोडेसे खात असतो, असे म्हटले तरी चालेल. कच्च्या पपईचा आणि अंजिराचा चीक याच जातीचा. अंजिराच्या देठाचा पांढरा थेंब ओठाला लागला की काय होते, हे पुरंदरकडच्या बागायतदाराला विचारावे. ही फळांची स्वसंरक्षणाची शस्त्रे आहेत. त्यांपुढे राव-रंक सारखेच.

आंब्याचे प्रकरण निराळे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि कुणाच्या चांगल्या कामात कुणी 'बिब्बा घातला' असे आपण म्हणतो त्यातही तीच आग आहे. आंब्याच्या देठाशी व सालीत असणारा चीक त्याचाच धाकटा भाऊ. साल दाताने ओढून आंबा चोखणाऱ्याच्या तोंडाभोवती पुरळ उठते, तेही लगेच नव्हे तर एकदोन दिवसांनी. तोवर बिचाऱ्याने दोष आणखी कशाला तरी दिलेला असतो. अशांपैकी पुष्कळांना देठाकडचा भाग टाकून, जाड साल काढून दिलेल्या फोडी खुशाल चालतात. दुसऱ्याने चिरून द्यायला हव्यात, एवढेच.

मला सांगायचे आहे ते याच्या पलीकडचे. जिथे फळाकडे बोट दाखवता येत नाही आणि म्हणून सगळी बोटे माणसाकडे वळतात.

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापुरास मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात केळ्यांच्या पाट्या रित्या होतात नि पुन्हा भरतात. माळशिरस, माढा, करमाळा या भागात पाण्याबरोबर ऊस आला आणि केळीही आली, तेव्हा वारकऱ्याच्या हातावर ठेवायला केळ्याइतके सोयीचे फळ नाही. आमच्या आळीतल्या एका घरी मागल्या आषाढात सून नवी होती. एकादशीला सासूबाईंनी तिच्यापुढे दोन केळी ठेवली. पोरीने ती हळूच बाजूला सारली.

"का गं?"

"आत्या, केळं खाल्लं की ओठ चुरचुरत्यात. घशात आवळल्यागत होतंय."

"केळ्यानं? तान्ह्या लेकराला चालतंय, आजाऱ्याला चालतंय, आन तुला आवळतंय! माहेरची असती तर गेली असती गपागप."

यावर त्या पोरीने काय बोलावे? तोंडावर पुरळ नाही, ताप नाही, दाखवायला काही नाही. तिने अर्धे केळे खाल्ले आणि तासभर परड्यात बसून राहिली. पुढे दोन-तीन महिने 'केळंवाली' हे तिचे घरातले नाव झाले. दुखणे दिसत नसले की आपल्याकडे त्याला नखरा म्हणतात. नव्या सुनेच्या बाबतीत तर तसे म्हणायला कारणही लागत नाही.

उलगडा झाला तो भलत्याच वाटेने. पुतण्याच्या वाढदिवसाला तिने दहाबारा फुगे तोंडाने फुगवले आणि तिचे ओठ फुगे लाजतील असे सुजले. आता मात्र दाखवायला काही होते. घरच्यांनी तिला अकलूजला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, "केळे खाल्ल्यावर काही होते का?" सासूबाई तिथेच उभ्या होत्या.

फुगा आणि केळे यांचा संबंध असा : फुग्याचे रबर म्हणजे रबराच्या झाडाचा वाळवलेला चीक. त्या चिकातली काही प्रथिने आणि केळ्यातली काही प्रथिने घडणीने इतकी सारखी, की एकाशी वैर धरलेले शरीर दुसऱ्यालाही तोच शत्रू समजून अंगावर घेते. रबराचे वावडे असलेल्यांपैकी ढोबळ मानाने तीस ते पन्नास टक्के लोकांना असे एखादे फळ चालत नाही. केळे, पपई आणि परदेशी फळांपैकी किवी व ॲव्होकॅडो ही त्यांतली नेहमीची नावे. हे समजणे किती महत्त्वाचे होते पाहा. मुलीला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपणात, आणि पोट उघडावे लागले तर अधिकच, डॉक्टरांच्या हातमोज्यांचे रबर थेट शरीराच्या आत पोचते. तिथे ओठांच्या चुरचुरीवर भागत नाही, जीवावर बेतते. तिच्या कागदांवर डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहून दिले की रबराचे हातमोजे वापरू नयेत. नायट्रिलचे मोजे मिळतात, ते वापरायचे. एका केळ्याच्या तक्रारीत एवढे सगळे दडलेले होते, आणि घरात तिला नखरा म्हणत होते.

असेच नाते फळांचे फुलांच्या परागांशीही असते. युरोपात भूर्जवृक्षाच्या परागांनी ज्यांना शिंका येतात त्यांतल्या अनेकांच्या तोंडाला कच्चे सफरचंद खाल्ल्यावर खाज सुटते. आमच्या पूर्वजांनी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या ते हिमालयातले भूर्ज याच झाडाचे भाऊबंद. अमेरिकेत रॅगवीड नावाचे तण आहे. त्याच्या परागांचा त्रास असणाऱ्यांना कलिंगड, खरबूज, काकडी आणि केळे खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते. आपल्या बांधाबांधावर माजलेले गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, हे या रॅगवीडचेच नातलग. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्याच्या आसपास नजरेस आले आणि आता त्याच्यावाचून रान नाही. दोघांचे परागही शरीराला पुष्कळ अंशी सारखेच भासतात.

१९४२ साली टफ्ट आणि ब्लमस्टीन या अमेरिकन डॉक्टरांनी ताज्या फळांच्या या त्रासावर निबंध लिहिला, तेव्हापासून एक गोष्ट ध्यानात आली आहे : कच्चे फळ ज्याला खाजवते त्याला तेच शिजवलेले पुष्कळदा चालते. परागांशी साम्य असलेली ही प्रथिने नाजूक असतात, उष्णतेने मोडतात. म्हणून "सफरचंदाचा मुरंबा खातोस, मग सफरचंदच का नको?" हा प्रश्न वकिली असला तरी चुकीचा आहे. उलट काही प्रथिने शिजूनही मोडत नाहीत आणि पोटात जाऊनही तग धरतात. त्यांचे दुखणे तोंडाशी थांबत नाही. आमच्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला अभिमान आहे. पण त्या डाळिंबातही अशा चिवट जातीचे एक प्रथिन असते, आणि क्वचित कुणाला ते भोवते.

बहुतेकांचा त्रास ओठ, जीभ आणि टाळू एवढ्यापुरता असतो. तोंड खळखळून धुतले की घटका-अर्ध्या घटकेत ओसरतो. अशा माणसाने सगळी फळे सोडून बसू नये. जे खाजवते तेवढे टाळावे, बाकीची मजेत खावीत. मात्र आवाज घोगरा झाला, गिळता येईना, दम लागू लागला, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तूप-साखर आणि आमसुलाचे सार करीत बसू नये. तिथे औषध एकच, मांडीत टोचायचे ॲड्रेनॅलीन, आणि ते मिनिटांच्या हिशेबाने मिळावे लागते. गाडी काढावी आणि दवाखाना गाठावा. जाताना काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले, हे डॉक्टरांना सांगता येईल असा एक माणूस बरोबर घ्यावा.