बुलेटिन : बुडबुडा की शिक्का?

मोठ्या पदावरचा माणूस आजारी पडला की रुग्णालयाच्या दारात गर्दी जमते. संध्याकाळी एक डॉक्टर बाहेर येतात आणि चार ओळींचा कागद वाचून दाखवतात. 'प्रकृती स्थिर आहे' एवढे ऐकून लोक निःश्वास टाकतात आणि घरची वाट धरतात. स्थिर म्हणजे सुधारते आहे की नुसतीच तग धरून आहे, हे कागदात नसते आणि विचारायचे कोणाला सुचतही नाही.

या कागदाला आपण बुलेटिन म्हणतो. पत्रक, निवेदन, बातमीपत्र हे शब्द मराठीत आहेत. पण बुलेटिनचा सगळा अर्थ त्यांपैकी एकातही मावत नाही. अधिकार असलेल्याने, सर्वांसाठी, तातडीने आणि थोडक्यात सांगितलेली गोष्ट म्हणजे बुलेटिन. शिवाय त्याच्यामागून दुसरे बुलेटिन येणार, हेही त्यात गृहीत असते.

शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. लॅटिन भाषेत 'बुला' म्हणजे बुडबुडा. त्यावरून कोणत्याही गोल वस्तूला आणि पुढे दस्तऐवजावरच्या गोल मुद्रेला हे नाव मिळाले. पोपच्या आज्ञापत्राला शिशाची अशी मुद्रा लावत, म्हणून ते पत्रच 'बुल' झाले. त्याचे छोटे रूप इटालियनमध्ये 'बुलेत्तिनो' झाले आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 'बुलेटिन' ठरले. फ्रेंच लोक आजही मतपत्रिकेला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकाला याच नावाने ओळखतात. कागद लहान, पण त्यामागे संस्थेचा अधिकार मोठा, हा धागा तिथेही तुटलेला नाही.

मुद्रेचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्या जुन्या पत्रांवर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब होई. त्यापुढे कोणाला एक अक्षरही वाढवता येऊ नये, हा हेतू. 'शिक्कामोर्तब' हा शब्द तिथूनच आला. पण शिक्का काय सांगतो? हे कोणाचे बोलणे आहे, एवढेच. ते खरे आहे की नाही आणि पुरते आहे की नाही, याची हमी शिक्का देत नाही. नेमकी इथेच आपली गफलत होते.

नेपोलियनच्या लष्करी बुलेटिनांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. विजयाची वर्णने त्यांत इतकी फुगवलेली असत की 'बुलेटिनसारखे खोटे बोलणे' असा वाक्प्रचारच फ्रेंचमध्ये रुळला. १८१२ साली रशियाच्या मोहिमेत त्याच्या प्रचंड फौजेची धूळधाण झाली. डिसेंबरमध्ये निघालेल्या एकोणतिसाव्या बुलेटिनात त्या हानीची कबुली होती; दोष मात्र मुख्यतः थंडीच्या माथी मारला होता. आणि शेवट कशाने केला? सम्राटांची प्रकृती कधी नव्हे इतकी उत्तम असल्याच्या ग्वाहीने! ज्यांची मुले बर्फात राहिली, त्या आईबापांनी ते वाक्य कसे वाचले असेल?

दुसरे उदाहरण २० जानेवारी १९३६ चे. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज अखेरच्या घटका मोजत होते. त्यांचे जीवन शांतपणे अखेरीकडे चालले आहे, असे बुलेटिन राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी रात्री काढले. त्याच्या संयमाचे पुढे पन्नास वर्षे कौतुक झाले. १९८६ मध्ये डॉसन यांची टिपणे उजेडात आली, तेव्हा कळले की मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शने देऊन त्यांनी स्वतःच तो शेवट जवळ आणला होता. निधनाची बातमी संध्याकाळच्या पत्रांऐवजी सकाळच्या 'टाइम्स'मध्ये यावी, हाही एक विचार त्यामागे होता. बुलेटिनातला एकही शब्द खोटा नव्हता. जे महत्त्वाचे, ते त्यात नव्हते, इतकेच.

याच्या अगदी उलट चित्र आपल्याकडे १९४२ साली दिसले. नेते तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर निर्बंध, अशा दिवसांत भूमिगत कार्यकर्ते सायक्लोस्टाइलवर पत्रके काढून ती रातोरात वाटत. त्यांनाही लोक 'बुलेटिन'च म्हणत. त्यांवर सरकारी मुद्रा नव्हती. उलट ती बाळगणे हाच गुन्हा होता. तरी लोकांनी ती हातोहात नेली, कारण ती वाटणारा तुरुंगाची जोखीम पत्करून दारात उभा होता. शिक्क्याची जागा त्या जोखमीने घेतली होती.

करोनाच्या काळात तर बुलेटिन घराघरांत शिरले. रोज संध्याकाळी रुग्णांचे आणि मृतांचे आकडे यायचे आणि जेवणाच्या पानावर त्यांची चर्चा व्हायची. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने नोंदींची पडताळणी करून आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत वाढवले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. अनेकांना धक्का बसला, आदल्या आकड्यांवरचा विश्वास उडाला. तो राग योग्यच होता. प्रत्येक आकड्यामागे एक घर होते. पण चूक दडपून ठेवणाऱ्या पत्रकापेक्षा उशिरा का होईना, ती दुरुस्त करणारे पत्रक बरे, हेही मान्य करायला हवे.

म्हणून बुलेटिन कसे वाचावे, हे मुलांना घरातच शिकवायला हवे. ते कोणी काढले? कोणत्या वेळी? पुढचे केव्हा येणार? आधीच्यात चूक असेल तर ती यात कबूल केली आहे का? आणि ज्याला या बातमीने सर्वांत जास्त फरक पडणार, त्याच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे का? मोबाइलवर 'तातडीची सूचना' म्हणून जे काही फिरत असते, ते यांतल्या पहिल्याच प्रश्नाला अडखळते. त्याला ना शिक्का, ना मोर्तब, ना जोखीम पत्करणारा माणूस. ते तिथेच थांबवावे.

सरकार, रुग्णालये आणि संस्था यांच्याकडूनही एक अपेक्षा ठेवायला हवी. थोडक्यात सांगणे हा गुण आहे, पण थोडक्यात सांगण्याच्या नावाखाली मुख्य गोष्ट गाळणे ही फसवणूक आहे. चार ओळींत खरे सांगता येते. बाहेर ताटकळणाऱ्या माणसांना तेवढेच हवे असते. ते मिळाले नाही, तर मुद्रा कितीही ठसठशीत असो, हा शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत जातो. बुडबुड्याकडे.