दातेरी नाव नको रे बाबा!

नवा फ्लॅट झाला की दारावर सागवानी नेमप्लेट हवीच. त्यात आपण नागपूरकर लकी! २०२३ मध्ये दिल्लीत नवी संसद उघडली, तिथलं सागवानही नागपूरहून गेलं. मग लाकूड ए-वन आणि अक्षरांना करवतीचे दात, असं का?

परवा एका राउटरवाल्याकडे तासभर बसले, तेव्हा फंडा कळला. आपण त्याला मोबाइलवर नावाचा फोटो पाठवतो. सॉफ्टवेअर तो ट्रेस करतं आणि साध्या वळणावरही ढीगभर बिंदू पेरतं. मशिन इमानदारीत प्रत्येक बिंदूवर वळतं. झाल्या कडा दातेरी!

उपाय सोपा. फोटोऐवजी फॉन्ट सांगा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ तर फुकट मिळतो. नाव टाइप करून कर्व्हमध्ये बदलायचं, फालतू बिंदू उडवायचे. मराठीत आणखी एक भानगड असते. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं. त्या वेल्ड करून एकसंध केल्या नाहीत, तर मशिन जोडावरही रेघ कोरतं.

म्हणून स्क्रीनवर झूम करून एकेक वळण बघा, मगच ‘हो’ म्हणा. रंगवलेलं नाव पुसता येतं यार, कोरलेलं नाही. आणि आई-बाबांचं नाव असलेली पाटी रोज बघायची आहे ना?