शून्य तक्रारी

नागपूरहून अमरावती रोडने बाहेर पडले की वाडी लागते. जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी, पुढे ट्रान्सपोर्टची ऑफिसे, ट्रकांच्या रांगा, आणि रस्ता सोडून आत वळले की गोडाऊनमागून गोडाऊन. माल उतरवणे, निवडणे, खोक्यात भरणे, चिकटपट्टी लावणे ही कामे करायला आसपासच्या वस्त्यांतून बायका येतात. बहुतेक जणी ठेकेदारामार्फत. आमचे केंद्रही इथेच आहे, त्यामुळे या बायका मला रोज रस्त्यात दिसतात. तरीही त्यांच्याबाबतीत माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगूनच या अंकाचे संपादकीय सुरू करणे मला योग्य वाटते.

इथल्या एका कंपनीच्या गोडाऊनमधील अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. कायद्याप्रमाणे अशा समितीत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते, म्हणून मला बोलावले गेले. दोन वर्षे मी बैठकांना गेले. बैठक ऑफिसात होई, पंखा, चहा, बिस्किटे. मॅनेजर अदबीने बोलत. वर्षाच्या शेवटी अहवाल समोर येई : प्राप्त तक्रारी शून्य, निकाली काढलेल्या शून्य, प्रलंबित शून्य. मी सही करीत असे. मनात एक प्रकारचे समाधानही वाटे, की चला, इथे तरी सगळे ठीक आहे.

मागच्या उन्हाळ्यात केंद्रात बचत गटाची बैठक होती. ती संपल्यावर एक बाई मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, तुमी त्या कमिटीत हाव म्हणता, तं मंग आमच्याकडं काऊन नाही आल्या कधी?" तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मग तिने सांगितले. सुटी होताना फाटकावर बायकांची झडती होते आणि ती पुरुष रखवालदार घेतो. मोबाईल लपवला असेल म्हणून कुठेही हात लावतो. संडासाच्या दाराला कडी नाही, एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेर उभे राहायचे. एका मुलीने सुपरवायझरला जाब विचारला, तर दुसऱ्या दिवशी तिचा गेटपास काढून घेतला.

ती ज्या शेडमध्ये काम करते, ती आमच्या बैठकीच्या खोलीपासून शंभर पावलांवर आहे. दोन वर्षांत ती शंभर पावले मी चालले नव्हते.

मॅनेजरना विचारले तेव्हा उत्तर तयार होते : "त्या आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत." हे उत्तर तुमच्यापैकी अनेकींनी ऐकले असेल, म्हणून स्पष्ट लिहिते. 2013 च्या कायद्यातील 'कर्मचारी' या शब्दात कायम, हंगामी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत आलेली, शिकाऊ, इतकेच काय, बिनपगारी काम करणारीसुद्धा येते. ती ठेकेदाराची आहे असे म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथे, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकामगार बाईलाही तिथे जाता येते.

हा कायदा कुणी ताटात वाढून दिलेला नाही. राजस्थानातील भंवरी देवी ही सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातील साथिन. नेमून दिलेले काम म्हणून तिने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा निकाल आला. पण मार्गदर्शक सूत्रे कागदावरच राहतात हे पाहून आपल्या पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले. त्या प्रकरणात 2012 मध्ये न्यायालयाने सरकारांना व संस्थांना अंमलबजावणीबद्दल फटकारले. त्यानंतर 2013 चा कायदा झाला. म्हणजे आज एखाद्या भिंतीवर जो फलक लागलेला दिसतो, त्यामागे वीस वर्षांची लढाई आहे. त्या फलकाखाली बसून मी न पाहता सह्या केल्या, याची लाज वाटते ती यासाठी.

पण मैत्रिणींनो, प्रश्न फक्त समिती नीट चालण्याचा आहे का? आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. 25 मार्च 2021 रोजी मेळघाटातील हरिसाल येथे वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. जंगलातल्या अवैध धंद्यांना न घाबरणारी अधिकारी अशी त्यांची ओळख होती. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी लिहिले होते की, वरिष्ठ चारचौघांत अपमान करतात, रजा नाकारतात, गरोदरपणातही जंगलात पायी फिरवले गेले आणि त्यात गर्भपात झाला. आणि हे सगळे त्याहून वरच्या साहेबांच्या कानावर घालूनही काही झाले नाही. त्यानंतर अटक झाली, निलंबन झाले, मोर्चे निघाले. कोणाचा दोष किती हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण आपल्याला त्यापुढचे प्रश्न विचारावे लागतील. अपमान चारचौघांत होत होता, तर ते चारचौघे कोण होते? त्यांच्यापैकी कितीजण घरी जाऊन म्हणाले असतील, 'साहेब जरा जास्तच करतात', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाम ठोकून उभे राहिले असतील?

शिवाय हा छळ लैंगिक छळाच्या कायद्यात पुरता बसतही नाही. रजा अडवणे, पगार अडकवणे, सगळ्यांदेखत ओरडणे, बाई आहे म्हणून तिचे काम कमी लेखणे यासाठी कुठला अर्ज भरायचा? गोडाऊनमधली कडी नसलेली संडासाची दारे कोणत्या कलमात बसतात? आणि तरी आपण सगळ्या जाणतो की, जिथे वरच्याने खालच्याला काहीही बोललेले चालते, तिथेच अंगाला हात लावण्याची हिंमतही होते. एक सवय दुसरीला वाट करून देते. कामाच्या जागेची नीती मी याला म्हणते : कायद्याला बोलवायची वेळ येण्याआधी तिथल्या माणसांना काय खपते आणि काय खपत नाही.

आता हे बोट स्वतःकडे वळवू या, कारण ते टाळले तर हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. एमएसडब्ल्यू करून मी पहिली नोकरी धरली ती एका सामाजिक संस्थेत. तिथे महिन्याला जितके मानधन हातात पडे, त्याहून जास्त रकमेच्या व्हाउचरवर सही करावी लागे. 'उरलेले संस्थेच्या कामालाच जाते,' असे ताई सांगत. आम्ही दिवसा वस्तीत जाऊन किमान वेतनावर बोलायचो आणि संध्याकाळी त्या सह्या करायचो. कुणी विचारले तर 'चळवळीत पैशाचे काय बोलता' असे ऐकावे लागे. मी दोन वर्षे गप्प राहिले, मग नोकरी सोडली, पण सोडतानाही कारण 'घरगुती' असेच लिहिले. गोडाऊनच्या अहवालावरची माझी सही ही त्या व्हाउचरवरच्या सहीचीच पुढची पायरी आहे असे मला आता वाटते.

आपल्या किती संघटनांत, केंद्रांत, ट्रस्टमध्ये अंतर्गत समिती आहे? कार्यकर्तीला रजा, प्रवासखर्च, बाळंतपणाची सवलत देताना आपण काय करतो? ज्येष्ठ ताईंची चूक झाली तर नवी मुलगी ती बैठकीत बोलू शकते का? 'चळवळीची बदनामी होईल' हे वाक्य आणि 'कंपनीची बदनामी होईल' हे वाक्य यांत फरक तो कोणता?

आणखी एक गोष्ट आपल्याला कडू लागेल. चौकशी न्याय्य असणे हाही नीतीचाच भाग आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवले. कारण समितीने घाई केली आणि ज्याच्यावर आरोप होते त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. चौदा वर्षांनी प्रकरण परत चौकशीच्या टेबलावर. यात सर्वाधिक नुकसान तक्रार करणाऱ्यांचेच. म्हणून समितीवर बसणाऱ्या बाईने नियम वाचूनच बसले पाहिजे. त्याच प्रकरणात डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमून स्थानिक समित्या उभ्या करण्यास सांगितले. आपल्या जिल्ह्याची समिती कुठे बसते, तिथे कोण आहे, हे तुमच्या गटाने जाऊन पाहिले आहे का?

मग काय करायचे? ज्या मैत्रिणी बाहेरच्या सदस्य आहेत त्यांनी ऑफिसात बैठक घेण्याआधी कामाच्या जागी फिरून यावे, संडासापर्यंत जावे, आणि ठेकेदाराच्या बायकांना मॅनेजर नसताना भेटावे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे आणि कारण पटले तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची आहे, तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे बायकांच्या भाषेत सांगावे. लिहिता न येणाऱ्या बाईला तक्रार लिहायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. 'शून्य तक्रारी' दिसल्या की खूश होऊ नये, आधी विचारावे : इथे बोलणाऱ्या बाईचे काय होते?

त्या गोडाऊनच्या गेल्या अहवालावर मी सही केली नाही. ठेकेदाराच्या बायकांची भेट, फाटकावर स्त्री रखवालदार आणि त्या मुलीचा गेटपास, या तीन गोष्टी लेखी मागितल्या. स्त्री रखवालदार आली, दारांना कड्या लागल्या. मुलगी अजून परत घेतलेली नाही. आणि पुढच्या वर्षी समितीवर मी असेन की नाही ते सांगता येत नाही. तसे सुचवले गेले आहे. आमच्या केंद्राचे अर्धे भाडे त्या मानधनातून निघते, हेही तुमच्यापासून लपवीत नाही. केंद्राच्या बैठकीत आम्ही हे मांडले. दोघी-तिघींना काळजी वाटली, आणि ती रास्त आहे. शेवटी ठरले की वर्गणी काढू, नाहीतर छोटी खोली घेऊ.

तुमच्याकडे काय घडते आहे ते कळवा. समितीचेही आणि आपल्या स्वतःच्या संघटनेचेही. नावे गुप्त ठेवू. पण निदान एकमेकींपाशी तरी आता शून्य लिहू नका.