दसऱ्यापर्यंत मातीच्या वाटेवर चाक घालू नका

हिंदमाता, परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथल्या सगळ्या सायकलवाल्यांना, आणि त्यातही ज्यांनी अलीकडे जाड टायरची ग्रॅव्हल सायकल घेतली आहे त्यांना, हे तातडीचं सांगणं आहे. पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत जंगलातल्या, डोंगरावरच्या आणि सड्यांवरच्या मातीच्या वाटांवर सायकल नेऊ नका. ‘थोडंसंच आत जाऊन येऊ’ हेही नको.

तातडी अशासाठी, की पहिली सर पडते न पडते तोच ‘मान्सून राइड’ची पोस्टरं व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. पहाटे चारला हिंदमाताच्या पुलाखाली जमायचं, सायनवरून पूर्व द्रुतगती मार्ग धरायचा आणि उजाडता उजाडता येऊरला पोचायचं. ज्यांच्याकडे गाडी आहे ते सायकली टपावर लादून तानसा, जव्हार, जुन्नर, साताऱ्यापर्यंत जातात. हिवाळ्यात आम्हीही हेच करतो आणि पुढेही करणार आहोत. भांडण सायकलशी नाही, त्या चार महिन्यांशी आहे.

पावसात मातीत उतरायचं हे खूळ बरंचसं व्हिडिओंमधून आलेलं आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत साधारण 160 किलोमीटरची साऊथ डाऊन्स वे ही वाट जाते. खडूच्या मऊ उतारांच्या टेकड्या, पांढरी वाट, मध्येच बीच वृक्षांची झाडी, आणि चिखलाने माखलेले हसरे स्वार. बघून कुणालाही वाटेल की आपणही भर पावसात निघावं. पण खडू हा पाणी पिणारा दगड आहे, पडलेलं पाणी बरंचसं आत मुरतं. आपल्याकडे खाली बेसॉल्ट, वर मुरूम नाहीतर जांभा आणि त्यावर मातीचा पातळ थर. जोराचा पाऊस मुरायला थांबत नाही, वरून धावतो. शिवाय पावसाची बरोबरी तरी कशी करणार? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या टेकड्यांवर तेवढा पडायला साधारण वर्ष जातं.

पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं, हे हिंदमाताच्या माणसाला शिकवावं लागत नाही. आपला भागच बशीसारखा खोलगट. दुकानाच्या पायरीवर पाणी कधी चढणार, हे आपल्या कापडवाल्यांना हवामान खात्याच्या आधी कळतं. तेच डोळे घेऊन जंगलातली ओली वाट बघा. दहा-बारा सायकली एकामागून एक गेल्या की मधोमध बोटभर खोल चाकोरी पडते. उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक घसरतं आणि माती खरवडून निघते. संध्याकाळच्या सरीला नेमका तोच उतार सापडतो. कडेने पसरून जाणारं पाणी आता चाकोरीतून जातं, जाताना काठ कापतं, आणि पुढच्या आठवड्यात बोटभराची वीतभर होते. मग आपणच काय करतो? चाकोरी टाळायला बाजूच्या गवतातून जातो. वाट रुंदावते, दुसरी चाकोरी पडते. ऑगस्टअखेर तिथे वाट राहत नाही, ओहोळ राहतो.

पुढे काय होतं ते माथेरानला दिसतं. तिथे मोटारींना बंदी आणि 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा, तरी लाल मातीचे रस्ते वाचले नाहीत. घोड्यांच्या टापांखाली माती सुटते, पाऊस ती वाहून नेतो, दगड उघडे पडतात. उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक आले, त्यावरून वाद झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील, आतल्या वाटांना नाही, असा निकाल दिला. धडा सरळ आहे: धुपलेल्या वाटेवर एक तर ब्लॉक येतात नाहीतर फाटकाला कुलूप लागतं. आणि कुलूप लागलं की ते आपल्याबरोबर चालत जाणाऱ्यांनाही लागतं.

सायकल धूर सोडत नाही म्हणून ती निसर्गाला बाधतच नाही, हा आपला लाडका समज आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, तेव्हा तरी हा समज डळमळायला हवा होता.

सड्यांबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण लांबून सडा म्हणजे मोकळा कातळ दिसतो आणि मोकळं मैदान दिसलं की आपले पाय शिवशिवतात. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर माती साठलेली असते. ती इतकी निकस, की तिथल्या काही वनस्पती किडे धरून जगतात. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावरचा चिकट थेंब बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, एवढं ते रोप छोटं. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दिसतात, पण किडे पकडणाऱ्या त्यांच्या पिशव्या ओल्या मातीत लपलेल्या असतात. रुजणं, फुलणं, बी धरणं, सगळा संसार पावसाच्या काही आठवड्यांत उरकायचा. बी धरायच्या आधी चाक गेलं तर पुढच्या वर्षासाठी मागे काही उरत नाही. कास 2012 साली जागतिक वारशात गेलं म्हणून तिथे निदान पहारा आहे. बाकीच्या सड्यांवर कोण उभं आहे? रत्नागिरीकडच्या सड्यांवर तर मातीखाली कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण चाकाखाली हत्तीचं चित्र आहे की नुसता दगड, हे सायकलवरून कळत नाही.

आणि शेतकरी. जून-जुलैत ज्याला आपण झकास ‘सिंगल ट्रॅक’ म्हणतो, तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी खाचराचा बांध असतो. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि आवणी खोळंबते. शहापूर-जव्हारकडच्या पाड्यांवर आपल्याला हसून पाणी देणारी माणसं यावर सहसा काही बोलत नाहीत. म्हणून ते आपण बोलायचं.

तेव्हा, मंडळी, एवढं कराच. राइड काढणाऱ्यांनी मातीच्या वाटेची पोस्टरं आजच मागे घ्यावीत. ज्यांनी असे मार्ग अॅपवर टाकले आहेत त्यांनी ते दसऱ्यापर्यंत झाकून ठेवावेत. एका माणसाने टाकलेला मार्ग शंभर जण डोळे मिटून उतरवून घेतात. चुकून ओल्या वाटेवर सापडलातच तर उतरा, सायकल खांद्यावर घ्या आणि मधूनच, चिखलातूनच चाला. बूट धुता येतात. तानसा अभयारण्यात परवानगीशिवाय तर कोणत्याच ऋतूत शिरू नका. 2014 मध्ये तिथे रानपिंगळा दिसला, जो त्याआधी शतकाहून जास्त काळ नामशेष समजला जाऊन 1997 मध्ये पुन्हा सापडला होता. शिवाय 1892 पासून तानसाचं पाणी आपण मुंबईकर पितो आहोत, एवढी भीड तरी असू द्या.

पावसात सायकल बंद ठेवा असं कुणी म्हणत नाही. डांबर आहे, काँक्रीट आहे. हिंदमाताहून लालबाग, भायखळा, सीएसएमटी करत नरिमन पॉइंट, तिथून मरीन ड्राइव्ह. चढ हवाच असेल तर मलबार हिल दोनदा चढा, मांड्या बोलायला लागतील. मात्र रस्त्यावर पाणी साचलं असेल तर त्यात सायकल घालू नका, मग ते आपलं रोजचं हिंदमाता का असेना. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात याच परिसरात एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी साठवायच्या टाक्या झाल्या, पंप बसले, तरी पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही.

रविवारची राइड पहाटे पाचला, पुलाखालूनच, आणि पूर्ण डांबरी. पुढचा-मागचा दिवा लावलेला हवा, मागे मडगार्ड हवं. ज्यांच्या ग्रुपमध्ये अजून मातीच्या वाटेचं पोस्टर फिरतंय, त्यांनी त्याच्याखाली हे आवाहन आत्ताच टाकावं.