एक तुळस मधमाश्यांसाठी

दौंडहून एका भगिनीनं लिहिलंय, "परसात तांबड्या भोपळ्याचा वेल मांडवभर पसरलाय. फुलं रोज येतात, इवले भोपळेही दिसतात. पण चार दिवसांत पिवळे पडून गळतात. शेणखत घातलं, पाणी वाढवलं. आता काय करू?"

आता खत नको नि पाणीही नको. तुमच्या वेलाकडे पाहुणे येत नाहीत! भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. ज्या फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो ते मादी. नर फुलातले पराग मधमाशीनं तिथवर पोचवले, तरच तो धरतो. फूल पहाटे उमलतं, उन्हं चढली की मिटतं. तेवढ्या वेळात माशी फिरकली नाही की संपलं.

मैत्रिणींनो, शिरूरला आमचं बिऱ्हाड होतं तेव्हा मीही हे भोगलंय, आणि चूक माझीच होती. वेलावर मावा पडला म्हणून भर सकाळी उमललेल्या फुलांवर औषध मारलं. मावा गेला, माश्याही गेल्या. त्या वर्षी काकडीसुद्धा बाजारातून आणावी लागली.

मग माश्यांना बोलवायचं कसं? रोपवाटिकेत लाल साल्व्हिया मिळते. दिसायला झोकदार, पण ती मूळची ब्राझीलची. तिच्या फुलाची लांब नळी तिकडच्या हमिंगबर्ड पक्ष्याच्या चोचीला बेतलेली. आपल्या माशीचं तोंड सहसा मधापर्यंत पोचत नाही. त्याच कुळातली आपली मंडळी तर दारातच आहेत. तुळस, सब्जा आणि पावसाळ्यात बांधावर उगवणारा पांढऱ्या फुलांचा तुंबा, महादेवाला वाहतो तोच!

पण तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडून टाकतो. सासूबाई सांगतात, "मंजिऱ्या ठेवल्या की तुळस वाळते गं." त्यात तथ्य आहे. बी धरू लागलं की रोपाचा जोर तिकडे जातो, पानं कमी होतात. पण माशीचं ताट म्हणजे तीच मंजिरी ना? तेव्हा वाद नको, दोन तुळशी लावा. वृंदावनातली खुडत राहा. दुसरी वेलाच्या मांडवाजवळ, तिच्या मंजिऱ्यांना हात लावायचा नाही.

लावायची अशी. जूनमध्ये पाऊस झाला की वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा. बी भुसभुशीत मातीवर भुरभुरा, वर चिमूट-चिमूट माती. खोल गेलं तर उगवत नाही. रोपं चार-सहा पानांची झाली की हात-दीड हातावर लावा. सब्जाचं बी वाण्याकडचंही चालतं, जुनं नसलं म्हणजे झालं. तुंब्याला तर काहीच नको. तण म्हणून उपटू नका, एवढंच.

आपल्या भागात पाऊस बेताचा, आणि बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारट. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, तर वरची माती खरवडून नवी घाला आणि पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी द्या. उन्हाळ्यात पसरट परळात खडे टाकून पाणी ठेवा. माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही. औषध मारणं अगदी भागच पडलं तर दिवेलागणीला मारा. उमललेल्या फुलांवर मात्र नाहीच.

मुलांना डसेल ही भीती अनेकींना वाटते. फुलावर कामात असलेली माशी उगीच अंगावर येत नाही. चेंगरली किंवा पोळं छेडलं तरच डसते. मुलांना तेवढं समजावून ठेवा.

आणि हा पाहुणचार एका परसापुरता नाही, बरं का! शिवारात बियाण्यासाठी राखलेले कांद्याचे गोंडेही याच माश्यांच्या भरवशावर भरतात.

तोवर दौंडच्या भगिनींनी एवढं करावं. सकाळी आठच्या आत ताजं नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. भोपळा धरेल. पुढच्या वर्षी मात्र हे काम माश्यांवर सोपवा.

पहिल्या भोपळ्याचे घारगे झाले की कळवा हं. पत्राची वाट पाहते.