माळा मोकळा करताना

मुलांच्या परीक्षा संपतात, पंखे पाचवर जातात आणि घरोघरच्या गृहिणींना एकाच वेळी दोन गोष्टींची आठवण होते. एक म्हणजे वर्षाची बेगमी. गहू, तांदूळ, तिखट, हळद, लोणची, पापड, कुरडया. दुसरी म्हणजे हे सगळे ठेवायचे कुठे? माळ्यावर पाहावे, तर तिथे बंद पडलेला मिक्सर, पाळण्याच्या दांड्या, एक पाय मोडलेले स्टूल आणि ‘वॉरंटीला लागेल’ म्हणून जपलेले टीव्हीचे भलेमोठे खोके. वॉरंटी संपून चार वर्षे झालेली असतात. खोके मात्र अजून तसेच.

आवराआवरीला उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही. ऊन कडक असते, माणसे घरात असतात आणि पाऊस दारात असतो. मुंबईत तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, कोकणात त्याच्याही आधी. त्यानंतर वाळवायला बाहेर काढलेली गोधडी घरात आणताना ओलीच असते. दिल्लीकर भगिनींना पाऊस थोडा उशिराने गाठतो, पण मे महिन्यातील आंधी त्यांच्या घरभर धूळ पसरून जाते. तिथे आधी साफसफाई करून मग आंधीची वाट पाहण्यात अर्थ नाही. बाहेरची कामे थोडी मागे ठेवावीत.

मात्र हे काम सुरू झाले की घरात पहिली ठिणगी पडते ती धुळीवरून नव्हे, ‘हे टाकायचे की ठेवायचे?’ यावरून.

डोंबिवलीतील एका दोन खोल्यांच्या घरातील गोष्ट. आजोबा जाऊन पाच महिने झाले होते. माळ्यावर त्यांची हिरवी पत्र्याची ट्रंक होती. कुलूप गंजलेले, किल्ली आजींच्या कमरेला. मुलाने ठरवले, येत्या रविवारी रद्दीवाल्याला बोलवायचे.

“आई, आहे काय त्यात? जुनी पंचांगं, पावत्या, गावच्या चिठ्ठ्या. कसर लागली असेल एव्हाना.”

“लागू दे. मी आहे तोवर ती ट्रंक हलायची नाही.”

“अगं, पण पापडाचे डबे कुठे ठेवायचे?”

“माझ्या डोक्यावर ठेव.”

सून स्वयंपाकघरात होती. ती मध्ये पडली नाही, हे तिचे शहाणपण. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारची भांडी आवरल्यावर ती आजींजवळ जाऊन बसली. म्हणाली, “आई, टाकायचं काहीच नाही. आपण दोघी नुसती उघडून पुसून ठेवू. पाऊस लागला की ओल धरेल, मग आहे तेही जाईल.” आजींनी किल्ली काढली.

या वादात मुलगा चुकला असे म्हणणे सोपे आहे. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, तेव्हा त्याची अडचणही खरीच. पण त्याने एक साधी गोष्ट पाहिली नाही: ट्रंक त्याची नव्हती. ज्याची वस्तू त्यानेच ती काढायची, एवढा नियम पाळला तरी निम्मी भांडणे टळतात. नवऱ्याच्या कॉलेजातील वह्या, सासूबाईंचे डबे, मुलीच्या शंखशिंपल्यांची पेटी यांना त्यांच्या पाठीमागे हात लावू नये. मुले चार दिवस आजोळी गेल्यावर त्यांची खेळणी गुपचूप भंगारात घालणाऱ्या आया पुष्कळ आहेत. मुले तेव्हा फार बोलत नाहीत, पण पुढे वर्षभर आपले कपाट कोणाला उघडू देत नाहीत.

घर आवरण्याच्या कल्पनेने जगभर गाजलेल्या जपानच्या मारी कोंडो यांनी कामाचा एक क्रम सांगितला आहे. आधी कपडे, मग पुस्तके, मग कागद, त्यानंतर किरकोळ सामान आणि ज्यांत मन गुंतले आहे त्या वस्तू सगळ्यांत शेवटी. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘हिच्यामुळे आनंद होतो का?’ असे विचारावे, हा त्यांचा दुसरा सल्ला आपल्याकडे कितपत चालेल, शंकाच आहे. आपल्याकडे पोळपाटालासुद्धा कोणी तसे विचारत नाही. क्रम मात्र खरोखर उपयोगी. डोंबिवलीच्या घरात सुरुवातच शेवटच्या वस्तूपासून झाली होती.

तेव्हा कपड्यांपासून सुरुवात करावी. सकाळी सात ते दहा ही वेळ उत्तम. माळा, पत्र्याचे छप्पर किंवा गच्चीवरची खोली आवरायची असेल तर दुपारी वर चढूच नये, तिथे भट्टी असते. एका दिवशी एकच कपाट किंवा एकच फळी घ्यावी. सगळे घर एकदम उपसले तर रात्री अंथरूण घालायला जागा उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे जसेच्या तसे आत कोंबले जाते. कोकणात किंवा गावाकडच्या घरात अडगळीत थेट हात घालू नये. आधी काठीने सामान हलवावे, मग उचलावे. विंचवाला अशाच अंधाऱ्या, कोरड्या जागा आवडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याची वाट दाखवल्यापासून त्यातून दगावणाऱ्यांचे प्रमाण खूप कमी झाले. तरीही विंचू चावल्यास घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

लोकरीचे कपडे धुतल्याशिवाय ठेवू नयेत. कीड लागते ती मुख्यतः घामाचे आणि खाण्याचे डाग राहिलेल्या लोकरीला. स्वेटर धुऊन, पुरते वाळवून, निवल्यावर मगच घडी घालावी. गोधड्या, रजया दोन्ही बाजूंनी उन्हात टाकाव्यात. रेशमी साड्यांचे वेगळे आहे. त्यांना कडक ऊन नको, सावलीतला वारा पुरे. पैठणी किंवा शालू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवला तर आत दमटपणा साचतो आणि जर काळवंडते. धुतलेल्या जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा त्यासाठी उत्तम. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, नाही तर साडी घडीवरच चिरते. डांबरगोळी जरीला लागता कामा नये, ती कापडात बांधून कोपऱ्यात ठेवावी.

डांबरगोळ्यांबाबत आणखी एक सूचना, आणि ती गंभीर आहे. बाळंतविडा म्हणून जपलेली जुनी झबली, दुपटी, लोकरीची टोपडी ट्रंकेतून काढून तशीच तान्ह्या बाळाला घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते. या गोळ्यांच्या वासाने आणि स्पर्शाने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. असे कपडे स्वच्छ धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकून मगच वापरावेत. शक्यतो बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी घालूच नये, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. गोळी पेपरमिंटसारखी दिसते, म्हणून रांगत्या मुलांच्या हाती लागणार नाही अशीच असावी.

जे कपडे आता कोणी घालणार नाही, त्यांचे काय? पूर्वी दुपारी दारावर बोहारीण यायची. दोन पँटी, एक जरीची साडी आणि वर अर्धा तास घासाघीस, तेव्हा कुठे एक स्टीलचे पातेले पदरात पडायचे. अजूनही काही शहरांत ती येते. तिने भाव पाडला म्हणून रागावू नये, ते कपडे नीट करून जुन्या बाजारात विकण्यावरच तिचे घर चालते. मऊ सुती साड्या मात्र तिला देऊ नयेत. त्यांची गोधडी होते, आणि तशी गोधडी दुकानात मिळत नाही. कोणाला द्यायचे असतील तर धुऊन, बटणे लावून द्यावेत. 1999 साली दिल्लीत सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतील वापरलेले कपडे व सामान गोळा करून गावांतील लोकांपर्यंत पोहोचवते. फाटके, डागाळलेले कपडे मात्र दान म्हणून कोणाच्या गळ्यात घालू नयेत. त्यांची फडकी करावीत.

गॅलरीकडे लक्ष जाते ते सगळ्यांत शेवटी, तिथला धोका मात्र मोठा. फुटक्या कुंड्या, जुना टायर, रंगाचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या. पहिल्या पावसात यात पाणी साचते आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. भिंतीला टेकवून ठेवलेले पुठ्ठ्याचे खोकेही हलवावेत. मागे मातीची बारीक नळी दिसली तर समजावे, वाळवी आत आली. बंद पडलेले मोबाइल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. ट्यूबमध्ये पारा असतो. ई-कचरा स्वीकारणारे अधिकृत केंद्र आपल्या शहरात कुठे आहे, ते पाहून तिथे द्यावेत.

राहिले कागद. इथे घाई नको.

डोंबिवलीच्या त्या ट्रंकेला तीन दुपारी लागल्या. सून कागद झटकून देई, आजी चष्मा लावून वाचत. पंचांगे वीसेक निघाली. विजेची बिले, धान्याच्या पावत्या, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका. तिसऱ्या दुपारी एका खाकी पाकिटातून घडीवर विरलेला कागद निघाला. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला.

नात त्या वर्षी बारावी झाली होती. इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी तिला जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांना त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा घराण्याचा पुरावा विचारतात, आणि त्यात आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद फार मोलाची. तिचे वडील दोन महिने गावाकडे फोन करत होते. गावच्या शाळेत आजोबांचे नावच सापडत नव्हते. सापडणार कसे? आजोबा लहानपणी मामाकडे राहून शिकले होते, सातारा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावात. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजींना मामाचे नाव आठवत होते, गावाचे नाही. त्या विरलेल्या कागदावर शाळेचे नाव होते, जनरल रजिस्टरचा क्रमांक होता आणि जातीचा रकाना शाईने भरलेला होता. शाळेला सुटी होती. जून उजाडताच वडील तिथे गेले आणि रजिस्टरचा नवा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घेऊन आले.

“रविवारी रद्दीवाला आला असता तर?” असे घरात कोणीच विचारले नाही. मुलाने संध्याकाळी येताना आजींसाठी जिलेबी आणली, एवढेच.

म्हणून जुन्या कागदांचा एकेक तुकडा पाहिल्याखेरीज गठ्ठा रद्दीत घालू नये. जन्म-मृत्यूचे दाखले, शाळेचे दाखले, घराचे खरेदीखत आणि इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, विम्याच्या पॉलिसी हे सगळे एका फाइलीत हवे. वडीलधाऱ्यांच्या कागदांत जुने पासबुक निघाले तर ते निरुपयोगी समजू नये. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, पण वारसांचा हक्क बुडत नाही, आपल्याच बँकेत अर्ज करून ती मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 साली ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांच्या जुन्या भागपत्रांचेही तसेच. ओळीने सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर ते भाग सरकारी निधीकडे जातात, मात्र परत मागता येतात. साडीच्या घडीत 2016 साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडल्या तर त्या आता बदलून मिळत नाहीत. दहापेक्षा जास्त जवळ ठेवणे 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ‘आठवण’ म्हणून जपायच्या तर एक-दोनच.

उरलेल्या बिलांचे, पावत्यांचे तुकडे करून टाकावेत. त्यांवर खाते क्रमांक, सह्या असतात, ते अखंड रद्दीत जाऊ नयेत.

आजींनी नंतर पंचांगे स्वतःहून काढून दिली. एक ठेवले, लग्नाच्या वर्षाचे. लग्नपत्रिकांपैकी चार राहिल्या. ट्रंक निम्मी रिकामी झाली, तेव्हा तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून हिवाळ्याच्या रजया भरल्या आणि आत काय आहे त्याची यादी नातीने झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. पापडाचे डबे माळ्यावर गेले.

आजोबांची छत्री तेवढी कुठल्याच यादीत नाही. तिच्या दोन काड्या मोडल्या आहेत. ती दारामागे खुंटीला आहे आणि मुलगा तिच्याबद्दल काही बोलत नाही.