आधी ब्रेक, मग पॉवर!

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चुका पोटात घाला. पण हॉस्टेलवर रोज रात्री रंगणाऱ्या एका वादावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोलो जीटी टीएसआय रिमॅप करावी का?

पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं, पण तिचं वेड काही ओसरलेलं नाही. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीने दिलेली ताकद १०५ पीएस. लॅपटॉप जोडून ईसीयूचा प्रोग्रॅम बदलला, की टर्बोचा बूस्ट वाढतो आणि गाडी उधळते. हात काळे होत नाहीत, म्हणून सगळे आधी तेच करतात.

इथेच आपण इंजिनिअरिंग विसरतो. कायनेटिक एनर्जी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेलात, तर वेग वाढतो २५ टक्के, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा तब्बल ५६ टक्के! त्यात या गाडीला मागे साधे ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं. मग पेडल दाबलं तर नुसतंच खाली जातं.

मे महिन्यात घाट उतरताना एका सीनियरच्या शेजारी बसून मी हे अनुभवलंय. त्याने पटापट गिअर उतरवले म्हणून आज हे लिहितोय. त्याच्या गाडीचं रिमॅप नवं होतं, ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतल्यापासूनचं.

तेव्हा मित्रांनो, खिशात पैसे मोजकेच असतील तर क्रम बदला. आधी चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, ताजं ऑइल. बूस्ट नंतर बघू.